एबोनाइटचं पेन आपलं, निब कुणाची?

हाताने बनवलेलं एबोनाइटचं पेन ऑर्डर करायला घेतलं की समोरून प्रश्नांची माळच लागते. मॉडेल कुठलं, रंग कुठला, चकचकीत हवं का मॅट, क्लिप लावू का नको, शाई ड्रॉपरने भरणार का कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी आतली सुटी नळी) पाहिजे, आणि सगळ्यात शेवटी निब, इंडियन का जर्मन. पहिल्यांदा मला वाटलं हे सगळं हल्लीचं फॅड, सँडविचवाला चीज घालू का विचारतो तसलं. पण जरा मागे जाऊन वाचत बसलो तर यातले बरेचसे प्रश्न जुनेच निघाले, आणि आपलं का परदेशी हा प्रश्न तर थेट वर्ध्याला जाऊन पोचतो.

आधी एबोनाइटचं बघू. ते शेवटी रबरच. रबरात गंधक घालून तापवायची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली (टायरवर नाव असतं तोच, पण ती कंपनी त्याची नव्हे, तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांनी त्याचं नाव लावलं). हेच गंधक सढळ हाताने, रबराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं घालून तासन् तास तापवलं तर रबर लवायचं सोडून लाकडासारखं टणक होतं, आणि त्याचं पेटंट त्याच्या भावाने, नेल्सनने, १८५१ मध्ये घेतलं. आबनुसाच्या, म्हणजे एबनीच्या लाकडासारखं काळं म्हणून एबोनाइट. आपला तेंदूपण त्याच कुळातला, म्हणजे विडीचं पान आणि हे नाव लांबून का होईना भाऊबंदच. बॅटरीच्या पेट्या, विजेच्या सामानाचे भाग, कवळ्या, क्लॅरिनेटची तोंडं असं काय काय त्यातून बनलं. पेनवाल्यांना ते आवडायचं कारण शाईने खराब होत नाही आणि लेथवर सहज कापलं जातं. अमेरिकेत १८८० नंतरची चाळीसेक वर्षं चांगलं पेन म्हणजे एबोनाइटचंच, मग १९२४ मध्ये शेफर या पेन कंपनीने सेल्युलॉइडची (एक जुनं प्लॅस्टिक) पेनं आणली आणि हळूहळू बाकीच्यांनीही तीच वाट धरली.

आपल्याकडे गाडी सुरू झाली ती नेमकी तिकडे हे जुनं व्हायला लागल्यावर. आणि त्यात मागासलेपण वगैरे काही नाही, साधा हिशोब आहे. प्लॅस्टिकची पेनं साच्यातून काढायची तर साचा पाहिजे, मशीन पाहिजे आणि एका मापाची हजारो पेनं खपवायची ताकद पाहिजे. एबोनाइटची कांडी मात्र एक माणूस एका लेथवर घेतो, भोक पाडतो, आटे पाडतो, घासतो, पॉलिश करतो, झालं पेन. पुढचं पेन वेगळ्या मापाचं करायचं तरी त्याला काही फरक पडत नाही. आज आपण ज्याला कस्टम म्हणतो ती या कारागिरांची रोजचीच पद्धत होती, कुणाला जाड हवंय, कुणाला आखूड, वकिलाला मोठी टाकी असलेलं, तसं करून द्यायचं. हैदराबादचं डेक्कन पेन स्टोअर्स १९२८ पासूनचं, त्यांच्या एबोनाइटच्या एका मॉडेलचं नावच अ‍ॅडव्होकेट.

पण या गोष्टीचं मूळ गाव म्हणायचं तर राजमहेंद्री, आंध्रातली. गोदावरीकाठची. म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदामाई समुद्राला मिळायच्या थोडं आधी जिथे जाते ते गाव. तिथले के. व्ही. रत्नम यांना १९२१ मध्ये वर्ध्याला गांधीजी भेटले आणि सामान्य माणसाच्या कामाला येईल असं काहीतरी स्वदेशी कर म्हणाले, असं सांगतात. १९३२ च्या सुमारास रत्नम पेनांच्या धंद्यात उतरले. आता सोपी वाटणारी ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती, कारण पेन या वस्तूचा एकेक तुकडा तेव्हा बाहेरून यायचा, आणि परदेशी कापडाची होळी करणारा माणूस खिशाला विलायती पेन लावून हिंडायचा, ही त्या काळातली उघड विसंगती होती. शेवटी रत्नम यांचं पेन जे. सी. कुमारप्पांच्या हातून गांधीजींकडे पोचलं. कुमारप्पा म्हणजे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे, ज्याचं ऑफिस वर्ध्याला मगनवाडीत होतं. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नमना चार ओळींचं पत्र पाठवलं, पेन वापरून बघितलं आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो, एवढाच मतलब. कौतुकाचे शब्दही किती मोजून मापून बघा. त्या दुकानाला मात्र ते पत्र पिढ्यान् पिढ्या पुरलं. पुढे १९४६ मध्ये त्याच गावात गाइडर ही पेन कंपनी सुरू झाली आणि राजमहेंद्री म्हणजे पेनांचं गाव हे पक्कं झालं.

स्वदेशीचं वारं नुसत्या पेनापुरतं नव्हतं. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, घोडा छाप, तीच नंतरची कॅम्लिन, म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांचे शाळेचे शर्ट खराब करणारी कंपनी. १९३४ मध्ये बंगालमध्ये सुलेखा शाई आली. शाई इथली, बॉडी इथली.

निबच्या बाबतीत घोडं अडायचं. बॉडी लेथवर होते, पण निब म्हणजे पातळ पत्रा कापणं, टोकावर कडक धातूचा कण जोडणं, मधोमध केसाएवढी चीर पाडणं आणि मग दोन्ही टोकं एका पातळीत आणणं. यातलं एक जरी चुकलं तर कागद खरवडला जातो. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, परदेशी पेन म्हणजे आखातातून कुणी आणलं तरच किंवा ते चायना पेन, आणि या काळात तामिळनाडूतलं सात्तूर निबांसाठी नावारूपाला आलं. लहान कारखाने, भरपूर निबा, स्वस्त. पेनवाले वाढत होतेच, एअरमेल मुंबईत १९५१ पासून. तिरुवल्लूरचं रंगा १९७० च्या आसपासचं. निब मात्र ज्याला जी मिळेल ती. म्हणूनच जुनी माणसं दुकानात पेन घेताना बॉडीकडे बघायचीही नाहीत, निब कागदावर चार वेळा आठच्या आकड्यासारखी फिरवून बघायची. माझे आजोबा हे करताना दुकानदाराचा कागद भरून टाकायचे आणि मग म्हणायचे, दुसरी लाव.

ड्रॉपरने शाई भरायचं पण असंच. आज त्याला काहीतरी विंटेज म्हणून मिरवतात, पण खरं कारण एवढंच की त्यात दुसरा कुठलाही पार्ट लागत नाही. रबरी पिशवी नको, पिस्टन नको. पुढचा भाग पिळून काढायचा, बॉडीतच शाई ओतायची, परत पिळून बसवायचा. शाई मावते भरपूर. त्रास एकच, पेन अर्धं रिकामं झालं की आतली हवा हाताच्या गरमीने फुगते आणि शाईचा टिपका बदकन कागदावर. एबोनाइट उष्णता सहज जाऊ देत नाही त्यामुळे धातूच्या पेनापेक्षा हे कमी होतं, पण होतं. मे महिन्यात विदर्भात बसून लिहून बघा.

मग बॉलपेन आलं आणि सगळंच बसलं, ते सगळ्यांना माहितीये. कारागिरांची पोरं दुसऱ्या धंद्यात गेली, जे टिकले ते पेनं रिपेअर करत टिकले. मजा अशी की त्यांना परत उभं केलं ते बरंचसं परदेशातल्या हौशी लोकांनी. तिकडे एबोनाइट दुर्मिळ आणि महाग झालेलं, इकडे त्याच कांड्यांवर माणूस हाताने पेन घडवतोय आणि पाहिजे तसं करून देतोय, तेही त्यांच्या मानाने किरकोळ पैशात. इंटरनेट आलं, पैसे पाठवायची सोय झाली, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिरुवल्लूरची, राजमहेंद्रीची, चेन्नईची पेनं पार जगभर जायला लागली. पुण्यात फॉस्फरसारखे नवे लोकही याच काळात उतरले. पण गिऱ्हाइकाबरोबर मागण्यापण आल्या. गळायला नको, आंतरराष्ट्रीय मापाची कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) बसली पाहिजे, निब पहिल्या दिवसापासून चालली पाहिजे. उत्तर म्हणून आली जर्मनीची निब, जोवो नाहीतर बॉक, आणि कन्व्हर्टर श्मिटचा. एवढंच काय, महागातली एबोनाइटची कांडीसुद्धा जर्मनीहून किंवा जपानहून मागवलेली असते, रंग जास्त खुलतात म्हणून. वर्ध्याहून चार ओळींचं पत्र आल्याला नव्वद वर्षं झाली आणि स्वदेशी पेनाचा भाव ठरतो परदेशी निबवर.

मला स्वतःला यात फार वाईट वाटत नाही, निब वाईट असेल तर देशप्रेमाने ती गुळगुळीत होत नाही. पण मी हट्टाने इंडियन निब घेतली. अडीच महिन्यांनी पार्सल आलं, उघडल्या उघडल्या काडेपेटी ओढल्यासारखा गंधकाचा वास, हिरव्या-काळ्या लाटांचं पेन, टोपण पिळताना आटे लोण्यासारखे. आणि निब कोरडी, तिसऱ्या शब्दाला शाई बंद. मेल केला तर पेनवाल्या अण्णांनी फोन करून सांगितलं की निब आणि जीभ (निबखालची शाई आणणारी पट्टी) दोन्ही काढा, कपात उकळतं पाणी घ्या, त्यात वीस सेकंद धरा आणि बाहेर काढल्या काढल्या अंगठ्याने जीभ निबला दाबून धरा. जीभपण एबोनाइटचीच असते ना, गरम झाली की वाकते आणि निबला चिकटून बसते, मग शाई येते. प्लॅस्टिकच्या जिभेला हे जमत नाही. दोन वेळा केलं, अंगठा भाजला. आता इतकी ओली लिहिते की वहीच्या मागच्या पानावर उमटतं.