कोळशातले गंधक आणि थरमॅक्सची बाजारपेठ

पिंपरी-चिंचवडमध्ये जिच्या नावाने एक चौकच ओळखला जातो, ती थरमॅक्स कंपनी सामान्यांना ठाऊक आहे ती बॉयलरसाठी. १९६६ मध्ये वॉन्सन इंडिया म्हणून सुरू झालेल्या या कंपनीने १९८० मध्ये आजचे नाव घेतले. जो बॉयलर विकतो, त्याच्याकडे ग्राहक धुराची तक्रार घेऊन येणारच. त्यामुळे धूळ आणि वायू अडवणारी यंत्रे हा या कंपनीचा स्वाभाविक जोडधंदा ठरला. मात्र या धंद्यातील नफा-तोटा पुष्कळसा ठरतो तो कोळशातील गंधकावर.

औष्णिक वीज केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या भारतीय कोळशात राख साधारण ३० ते ४५ टक्के असते आणि गंधक जेमतेम अर्धा टक्का. ही राख पकडण्याचे प्रचलित साधन म्हणजे ईएसपी, अर्थात विद्युतभाराच्या जोरावर धुरातील राख वेगळी काढणारे यंत्र. त्यातील तारांना हजारो व्होल्टचा दाब दिला की भोवतीच्या वायूचे आयनीभवन होते, राखेचे कण ऋणभारित होऊन समोरच्या पोलादी पत्र्यांना चिकटतात आणि ठराविक वेळाने पत्र्यांवर हातोडे आदळून साचलेला थर खालच्या हॉपरमध्ये पाडला जातो. गंधक जळताना तयार होणारा थोडासा सल्फर ट्रायऑक्साइड कणांवर पातळ थर धरतो आणि त्यामुळे राखेतून वीज वाहू शकते. आपल्या कोळशात नेमका तोच कमी पडतो. मग पत्र्यावरच्या थरात विद्युतभार कोंडतो, थराच्या आतच ठिणगीसारखा विसर्ग होतो आणि आलेले कण नीट धरले जात नाहीत. म्हणूनच आपल्याकडचे ईएसपी परदेशी मोजमापाने अवाढव्य बांधावे लागतात, किंवा कापडी पिशव्यांचे बॅग फिल्टर वापरावे लागतात, ज्यांना राखेच्या विद्युतरोधाशी काही देणेघेणे नसते. पण पिशव्या झिजतात, फाटतात, बदलाव्या लागतात. यंत्र बसवून झाल्यावरही पुरवठादाराला काम मिळत राहते ते या झिजेमुळे!

मोठ्या वीज केंद्रांच्या बाजारात थरमॅक्ससमोर भेलसारखी बलाढ्य सरकारी कंपनी आहे, जिचा ईएसपीचा कारखाना तमिळनाडूत राणीपेट येथे आहे. या बाजारात कंत्राट सर्वांत कमी दराच्या बोलीला मिळते, त्यामुळे तंत्रज्ञान उत्तम असूनही हाती उरते थोडे. सिमेंट, पोलाद, साखर अशा उद्योगांत चित्र वेगळे आहे. तिथे बॉयलर, जलशुद्धीकरण आणि धूळ-नियंत्रण एकाच ठिकाणाहून घेणे ग्राहकाला सोयीचे जाते. थरमॅक्सचे खरे बळ इथे आहे, असे मला वाटते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच ठरवली आणि एफजीडीची, म्हणजे चुनखडीची भुकटी कालवलेल्या पाण्याने वायू धुऊन त्याचे जिप्सम करणाऱ्या यंत्रणेची, मोठी मागणी निर्माण झाली. थरमॅक्ससह अनेक कंपन्यांनी कंत्राटे घेतली. मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत गेली. अखेर जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतांश संचांना एफजीडीच्या सक्तीतून सूट दिली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील संचांवर ती कायम राहिली. सूट देताना भारतीय कोळशात गंधक कमी असल्याचा युक्तिवाद पुढे आला होता. ज्या गुणधर्मामुळे या कंपन्यांना मोठमोठे ईएसपी विकता आले, त्याच गुणधर्माच्या आधारे त्यांची एफजीडीची बाजारपेठ आकसली.