झोपेच्या गोळीत सर्दीचं औषध

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईबाबांना जेट लॅगमुळे रात्र रात्र झोप येत नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. त्या गोळीत बहुधा डायफेनहायड्रामिन नाहीतर डॉक्झिलामिन असतं. दोन्ही मुळात सर्दी-अ‍ॅलर्जीची जुनी औषधं. डायफेनहायड्रामिन बेनाड्रिल या नावानं १९४६ साली बाजारात आलं. त्यानं पेंग यायची, हा तेव्हा दुष्परिणाम होता. पुढे तोच विकायला ठेवला गेला.

आपल्या मेंदूतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन स्रवून आपल्याला जागं ठेवतात. हे औषध हिस्टामिनला अडवतं. पण तेवढ्यावर थांबत नाही, नसांचे निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनालाही अडवतं. म्हणून तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, लघवी अडते. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदू असलेल्या माणसानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊच नये. वयस्कर माणसं कधी कधी गोंधळतात, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या 'बीअर्स' यादीत हे औषध 'ज्येष्ठांनी टाळावं' या गटात आहे, आणि तरी ते शेल्फवर व्हिटॅमिनच्या शेजारी बसलेलं असतं!

रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला तरुण माणसात साधारण ९ तास लागतात, म्हाताऱ्यांत त्याहून जास्त. म्हणजे अकराला घेतलेली गोळी सकाळी आठलाही बरीचशी अंगात असते. अशा वेळी गाडी चालवू नये. दारूबरोबर तर घेऊच नये.

सलग तीन-चार रात्री घेतली की पेंग ओसरू लागते आणि माणूस डोस वाढवायला बघतो.

मला जास्त काळजी वाटते ती दुहेरी डोसची. नावात 'पीएम' असलेल्या बऱ्याच गोळ्यांत अ‍ॅसिटामिनोफेनही असतं, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. नेहमीच्या दोन गोळ्यांत ते १००० मिलिग्रॅमपर्यंत जातं. वर अंगदुखीसाठी बॅगेतली क्रोसिन घेतली, तर यकृतावर ताण वाढत जातो. भारतातून नेलेल्या खोकल्याच्या सिरपमध्येही डायफेनहायड्रामिन असू शकतं. पाकिटावरचं मोठं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना भेटा, हेही तिथेच छापलेलं असतं.