हरकती-सूचना आणि लोकसहभाग: कागद कोरा होता का?

पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या शेजारी, मुंगीएवढ्या टाइपात एक जाहीर सूचना येते. अमुक भूखंडाच्या आरक्षणात फेरबदल प्रस्तावित आहे, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत लेखी कळवाव्यात. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच भूखंडावर भूमिपूजन होतं आणि व्यासपीठावरून सांगितलं जातं, ‘हे सगळं लोकसहभागातून झालेलं आहे.’ खालचे लोक टाळ्या वाजवतात. त्यातल्या कितीजणांनी ती सूचना वाचली होती, हे विचारायची पद्धत नाही.

उदाहरणापुरतं धरून चालू, की मुंबई महापालिकेने उद्या नवं मुख्यालय बांधायचं ठरवलं. आधी कायद्याने काय होईल ते पाहू. हा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. शहरातली कोणती जमीन कशासाठी, हे ठरवणाऱ्या विकास आराखड्याचं प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध झालं, की कलम 26 खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मंजूर आराखड्यात पुढे छोटा फेरबदल करायचा तर कलम 37. म्हणजे निवडलेली जागा खेळाच्या मैदानासाठी राखीव असेल आणि तिथे कार्यालय आणायचं असेल, तर तुम्हाला विचारलं जाईल. पण जागा आधीच पालिकेच्या कार्यालयासाठी ठेवलेली असेल, तर? मग इमारत कशी असावी, दरवाजा रस्त्याकडे की पार्किंगकडे, जन्मदाखल्याची खिडकी तळमजल्यावर की चौथ्या मजल्यावर, यातलं काहीही तुम्हाला विचारण्याचं बंधन या कलमांत नाही. हरकती-सूचनांचा हक्क जमिनीच्या वापरापाशी थांबतो, आत शिरत नाही. ही गोष्ट मलाही बरीच उशिरा कळली.

लोकसहभागाचा प्रश्न नेमका या आतल्या भागातून सुरू होतो, आणि तोही कागद कोरा असताना. ‘हा नकाशा चालेल का?’ असं न विचारता ‘तुम्ही इथे कशाला येता आणि आल्यावर कुठे अडता?’ असं विचारायचं. पाणीपट्टीचं बिल चुकलंय म्हणून अर्धा दिवस रजा टाकून आलेला माणूस सांगेल, की रांगेत बसायला बाक नाही. तान्ह्या मुलाला घेऊन आलेली बाई आडोसा मागेल. गुडघे दुखणारे आजोबा लिफ्ट बंद असली तर काय, हे विचारतील. फुटपाथवर अर्ज लिहून देणारे टायपिस्टही बोलतील, कारण त्यांच्याइतकं त्या इमारतीचं कामकाज कोणालाच ठाऊक नसतं. आणि कोणीतरी विचारेल, की सभागृहाची बैठक बघायला सामान्य माणसाला प्रेक्षक गॅलरीत सहज जाता येईल का. यातली एकही गोष्ट हरकत म्हणून येणार नाही. समोर काही नसताना हरकत कशावर घेणार?

हरकतींचं बळ आणि मर्यादा दोन्ही मुंबईने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिल्या आहेत. 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचं पहिलं प्रारूप फेब्रुवारी 2015 मध्ये आलं. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या, आरेच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट करून दिलेली. सुमारे 65 हजार हरकती-सूचना आल्या आणि त्याच एप्रिलमध्ये सरकारने ते प्रारूप मागे घ्यायला लावलं. सुधारित प्रारूप 2016 मध्ये, मंजुरी 2018 मध्ये. लोकांनी चूक पकडली, हे खरंच. पण आपल्या गल्लीतल्या इमारतीवरून रस्ता जात नाही, हे सांगायला इतक्या लोकांना अर्ज लिहावे लागले, यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे? त्या गल्लीत आधी कोणी फिरकलं असतं तर ही वेळ आली नसती.

शेजारच्या पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आधी कामं सुचवून घेतात. फुटपाथ, बाक, बसथांबा अशी छोटी कामं. त्यातही कुरबुरी आहेतच, पण क्रम बरोबर आहे: आधी लोकांची यादी, मग पालिकेचा खर्च.

घोळ वाढवायला ‘लोकसहभाग’ या शब्दाला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. गावाकडे लोकसहभागातून बंधारा झाला म्हणजे लोकवर्गणी आणि श्रमदान. त्या अर्थाने मुंबईतही एक जुना दाखला सापडतो. फोर्टातला टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक लायब्ररी, 1833 मध्ये पुरी झाली, तिच्यासाठी चक्क लॉटरी काढली होती. तिकिटं खपूनही पैसे पुरले नाहीत, ते सरकारने भरले. म्हणजे लोकांचा सहभाग खिशापुरता. (नावाला फसून त्या तीस पायऱ्या चढू नका, पालिका तिथे नाही.) पालिकेची स्वतःची इमारत बोरीबंदर स्टेशनसमोर, पायाभरणी 1884 ची, पूर्ण 1893 मध्ये. आधी वास्तुविशारद चिझम यांचा आराखडा पसंत पडला होता, अखेर काम दुसरे वास्तुविशारद स्टीव्हन्स यांच्याकडे गेलं. तिथे वाद झाला तो कोणाचा नकाशा देखणा यावर. रांगेत उभं राहणाऱ्याला विचारायचा तो काळच नव्हता. इमारत मात्र देखणी झाली, ते कबूल केलंच पाहिजे.

आता उलट बाजू. कोऱ्या कागदावरची चर्चा ऐकायला गोड, पण तिला दात नाहीत. सल्लागार येतो, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून घेतो, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतात. महिन्याभराने त्या चिठ्ठ्या कुठे गेल्या हे विचारायला कायद्यात जागा नाही. अशा एका कार्यशाळेत मी शौचालयांबद्दल पोटतिडकीने बोललो होतो. अहवालात ते ‘स्वच्छतेविषयी नागरिक जागरूक’ असं उतरलं. हरकतीचं तसं नसतं. ती रुक्ष असेल, उशिराची असेल, पण आवक नोंदीत चढते, तिची सुनावणी घ्यावी लागते, फेटाळली तरी ती फाइलमध्ये राहते. कोर्टात जायची वेळ आली तर तोच कागद पुढे करता येतो.

म्हणून आमच्या सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरींची रीत मला पटते. कार्यशाळेला जायचं, हवं ते बोलून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तेच मुद्दे एका पानावर, तारीख घालून लिहायचे, वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर द्यायचे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पुढे नकाशा छापून आला आणि पेपरात ती मुंगीएवढी सूचना दिसली, की हरकतीला हीच पोच जोडायची.