कोल्हापुरातून कुत्रा परदेशी नेताना: रेबीजची लस, चिप, रक्ततपासणी आणि तारखांचा हिशेब

मुलाला जर्मनीत नोकरी लागली आहे, दोन महिन्यांनी सगळ्यांनी निघायचं आहे आणि घरातला कुत्राही सोबत न्यायचा आहे, अशा घराला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागतं: कुत्र्याची तयारी आजपासून सुरू होत असेल, तर दोन महिन्यांत तो युरोपात पोचणार नाही. किमान चार महिने लागतात, आणि थोडी सवड धरली तर साडेचार ते पाच. हे ऐकून लोक हिरमुसतात, पण तिकिटं काढून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. उशिरा कळलं की अनेकदा कुत्रा मागे राहतो, आणि मागे राहिलेल्या कुत्र्याचे हाल आपल्या शहरात कमी नाहीत.

एवढा वेळ का लागतो, हे रेबीजच्या स्वभावातच आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतला विषाणू जखमेतून शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर कुत्रा खातो, खेळतो, रंकाळ्यावर फिरायला येतो. वरून काही ओळखू येत नाही. लक्षणं दिसू लागली की माणूस असो वा जनावर, वाचणं जवळजवळ अशक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने दगावतात, त्यात भारताचा वाटा मोठा आहे, आणि माणसांपर्यंत पोचणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यामार्फतच येतो. जपानने १९५७ सालापासून आपल्या भूमीवर रेबीज होऊ दिलेला नाही. असे देश आपल्याकडच्या कुत्र्याला दारातच अडवून कागद मागतात, ते योग्यच आहे. लस टोचण्याआधीच कुत्र्याला संसर्ग झाला असेल, तर मधल्या काळात तो उघड व्हावा, यासाठी ही थांबण्याची अट आहे.

आधी चिप, मग लस, मग रक्त

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. कागद कमी पडला तर मिळवता येतो. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिली पायरी मायक्रोचिपची, म्हणजे कुत्र्याची ओळख पटवणाऱ्या चिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली सुईने बसवतात. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी क्रमांकाची असावी. बसवल्यावर डॉक्टरांना स्कॅनर फिरवून क्रमांक वाचायला सांगा आणि चिपचं स्टिकर व बसवल्याची तारीख लसीकरणाच्या पुस्तकात लगेच नोंदवून घ्या. चिप ठेवणारे दवाखाने मोजके असतात, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

दुसरी पायरी रेबीजच्या लसीची. कुत्रा किमान १२ आठवड्यांचा हवा आणि लस चिपनंतरच टोचलेली हवी. चिप आणि लस एकाच भेटीत चालते, फक्त चिप आधी. इथेच बहुतेक घरं अडकतात. पाच वर्षं न चुकता दरवर्षी लस दिली आहे, पुस्तक भरलेलं आहे, पण चिप नाही. युरोपच्या दृष्टीने ती लस कोणत्या कुत्र्याला दिली याचा पुरावाच नाही. मग चिप बसवून पुन्हा लस, आणि तीच पहिली धरली जाते.

पुस्तकातल्या नोंदीत लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांकाचं स्टिकर, दिल्याची तारीख, कधीपर्यंत वैध ती तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक एवढं सगळं लागतं. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनी ठिकठिकाणी मोफत लसीकरण शिबिरं होतात. तिथे कुत्र्याला जरूर न्या, पण पुस्तक बरोबर घेऊन जा. नुसत्या चिठ्ठीवर परदेशातला अधिकारी विश्वास ठेवणार नाही.

तिसरी पायरी रक्ताची. हिला सगळे टायटर टेस्ट म्हणतात. लसीमुळे कुत्र्याच्या रक्तात रेबीजविरोधी अँटीबॉडी पुरेशा तयार झाल्या का, हे त्यात मोजतात. प्रमाण किमान ०.५ आययू प्रति मिलिलिटर हवं. युरोपीय संघासाठी रक्त लस दिल्यानंतर किमान ३० दिवसांनी घ्यायचं आणि तपासणी संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच करायची. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी चालत नाही. रक्तातून सीरम वेगळं करून ते थंड ठेवून पाठवावं लागतं, म्हणून कुरिअरची सोय आधी ठरवा. रक्त घेण्यापूर्वी डॉक्टरांनी चिप वाचावी आणि नमुन्याच्या अर्जावर तोच १५ अंकी क्रमांक लिहावा. एक अंक इकडचा तिकडे झाला की रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

एकच लस झालेल्या लहान पिल्लांचं प्रमाण कधी कधी ०.५ च्या खाली येतं. अशा वेळी बूस्टर देऊन पुन्हा रक्त द्यावं लागतं आणि महिना-दीड महिना वाया जातो. पिल्लू असेल तर रक्त घेण्याआधी दुसरा डोस द्यायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

चौथी गोष्ट म्हणजे थांबणं. युरोपसाठी रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने मोजतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. समजा, १ जूनला चिप आणि लस झाली. २ जुलैला रक्त दिलं. तीन महिने २ ऑक्टोबरला पुरे होतात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याआधीचं तिकीट काढू नका. याच हिशेबाने भारतातलं पिल्लू जवळपास सात महिन्यांचं होईपर्यंत युरोपात जाऊच शकत नाही.

रिपोर्ट एकदा चांगला आला की त्याला मुदत नसते, मात्र त्यानंतरचा प्रत्येक बूस्टर वेळेत व्हायला हवा. तारीख एक दिवस जरी उलटली तरी पुढची लस पहिली मानली जाते आणि पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. ही तारीख फोनमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.

देशागणिक काय बदलतं

ब्रिटनचे नियम बरेचसे युरोपासारखे आहेत: चिप, लस, ३० दिवसांनी रक्त, तीन महिने. त्यात भर म्हणजे पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीचं औषध डॉक्टरांच्या हातून देऊन त्याची वेळेसह नोंद लागते. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेलाही हे औषध लागतं. जर्मनीला जाणाऱ्यांनी कुत्र्याची जात तपासावी. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर आणि बुल टेरियर या जाती तिथे आणता येत नाहीत. आपल्याकडच्या मुधोळ किंवा कारवान जातीला अशी अडचण नाही, फक्त सगळ्या कागदांवर जातीचं नाव एकसारखं लिहिलेलं असावं.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्र्याच्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत भारत धरला जातो. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, ऑनलाइन आयात अर्जाची पावती हवी, आणि परदेशी लसीकरण व मायक्रोचिपचं प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या शिक्क्यासह हवं. उतरायचं विमानतळही मनाने ठरवता येत नाही: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, अटलांटा, मायामी, लॉस एंजेलिस अशा मोजक्या ठिकाणी नोंदणीकृत प्राणी केंद्रं आहेत, तिथलं आरक्षण आधी करावं लागतं. तिथे कुत्रा तपासून पुन्हा लस देतात. मान्य प्रयोगशाळेचा टायटर रिपोर्ट नसेल तर २८ दिवस तिथेच ठेवतात, तेही मालकाच्या खर्चाने. रक्त अमेरिकेत पोचण्याच्या किमान २८ दिवस आधी घेतलेलं असावं.

दुबई-अबुधाबीकडे जाणाऱ्यांनी आधी संयुक्त अरब अमिरातीच्या हवामान बदल व पर्यावरण मंत्रालयाचा आयात परवाना काढायचा. भारतातल्या कुत्र्याला टायटर लागते आणि काही जातींना बंदी आहे. जपानला दोन लसी, मग रक्त आणि त्या तारखेपासून १८० दिवस, शिवाय पोचण्याच्या ४० दिवस आधी सूचना. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट कुत्रा घेतच नाहीत. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात त्याला ठेवावं लागतं. पैसे आणि वेळ पाहता, थोड्या काळासाठी जाणाऱ्यांनी या दोन देशांना कुत्रा नेण्याचा हट्ट करू नये, असं मला मनापासून वाटतं. वयस्क कुत्र्याला तर ते सोसवतही नाही.

मुंबईतलं काम

कोल्हापुरातल्या डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, पण त्यावर कुत्रा देशाबाहेर जात नाही. अंतिम प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसकडून मिळतं. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबादला आहेत. आपल्याला मुंबई जवळची.

तिथे अर्जासोबत मालकाच्या पासपोर्टची प्रत, तिकीट किंवा कार्गोची नोंद, लसीकरणाचं मूळ पुस्तक, चिपची नोंद, टायटरचा मूळ रिपोर्ट, डॉक्टरांचं ताजं आरोग्य प्रमाणपत्र आणि संबंधित देशाचा परवाना लागत असेल तर तो, एवढं न्यावं. कुत्र्यालाही प्रत्यक्ष दाखवावं लागतं. युरोपसाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र सही झाल्यापासून प्रवेशाच्या तपासणीपर्यंत १० दिवस वैध असतं, म्हणून ते फार आधी काढून उपयोग नाही. युरोपच्या नियमात मालकाच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत, आधी किंवा नंतर, कुत्र्याने प्रवास करायचा असतो; दुसरं कोणी नेत असेल तर मालकाचं लेखी पत्र लागतं. एका वेळी पाचपर्यंत जनावरं घरगुती प्रवास म्हणून चालतात.

उजळाईवाडीच्या विमानतळावरून परदेशी उड्डाण नाही, तेव्हा मुंबईपर्यंतचा प्रवास गाडीने किंवा रेल्वेने. महालक्ष्मी एक्स्प्रेसने न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे लागतो; नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात बसवावं लागतं, आणि आपल्या माणसांशिवाय रात्रभर तिथे ठेवलेला कुत्रा सकाळी भेदरलेला असतो. जमत असेल तर गाडीच बरी. दोन दिवस आधी पोचा, म्हणजे कागदात काही राहिलं तर धावपळ करायला वेळ मिळतो. विमानाचा क्रेट महिनाभर आधी घरात आणून उघडा ठेवा, त्यात जेवण द्या, म्हणजे तो आत शिरायला घाबरणार नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अनेक विमान कंपन्या उन्हाळ्यात नेत नाहीत, कारण त्यांना श्वास घ्यायला आधीच जड जातं.

एजंट हे सगळं करून देतात. कार्गोच्या कामात त्यांचा उपयोगही होतो. पण चिप, लस आणि रक्ताच्या तारखा स्वतः वहीत लिहून तपासा.

परदेशातून सुट्टीला कुत्रा घेऊन येणाऱ्यांनी

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. युरोपात राहणारं कुटुंब गणपतीला कुत्र्यासह कोल्हापूरला येणार असेल, तर टायटरची तपासणी तिथून निघण्याआधीच करून पेट पासपोर्टवर (युरोपात कुत्र्याला मिळणाऱ्या ओळख व लसींच्या पुस्तकात) नोंदवून घ्यावी. मग परतताना तीन महिने थांबावं लागत नाही. अमेरिकेतून येणाऱ्यांनी तिथल्या लसीकरणाच्या अर्जावर निघण्यापूर्वी तिथल्या कृषी खात्याचा शिक्का घ्यावा; तो भारतात आल्यावर मिळत नाही.

इथे असताना कुत्र्याला भटक्या कुत्र्यांत मोकळं सोडू नका. आणि माणसांचंही सांगतो: कुत्र्याने चावलं, ओरबाडलं किंवा फुटलेल्या कातडीवर चाटलं, मग ते कोल्हापुरात असो की परदेशात, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्याकडे अजून जखमेवर तिखट, हळद किंवा चुना लावतात. ते अजिबात करू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, ते विचारून घ्या. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. डोस ठरल्या दिवशी पूर्ण करा, मधेच प्रवास असेल तर पुढचा डोस कुठे घ्यायचा ते आधीच ठरवा. रेबीज असलेल्या देशात दीर्घकाळ राहायला जाणाऱ्यांनी चावण्याआधीची लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

भारतात कुत्रा आणताना रेबीजची लस प्रवासाच्या आधी एक महिन्याहून जुनी, पण बारा महिन्यांच्या आतली हवी. निघण्याआधीच्या आठवड्यातलं सरकारी पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आणि मुंबई केंद्राचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावं. क्वारंटाइन केंद्र असलेल्या सहा शहरांपैकीच एखाद्या विमानतळावर उतरावं लागतं. परतीचा टायटर रिपोर्ट आणि पेट पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.