आंतरक्रियात्मक समाजभाषाविज्ञान

भिन्न भाषिक संस्कारांची माणसे समोरासमोर बोलत असताना अर्थ कसा लागतो आणि कोठे निसटतो, याचा प्रत्यक्ष संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून शोध घेणारी समाजभाषाविज्ञानाची शाखा. तिची मांडणी प्रामुख्याने जॉन जे. गम्पर्झ (१९२२–२०१३) यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत केली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या गम्पर्झ यांनी मिशिगनमधील जर्मन वसाहतींच्या बोलींवर प्रबंध लिहिला, उत्तर प्रदेशातील खलापूर या खेड्यात क्षेत्रकार्य केले आणि १९५६ मध्ये बर्कलीत हिंदी-उर्दूच्या अध्यापनाची घडी बसवण्याचे काम हाती घेतले. भाषा शिकवणे आणि खेड्यात बसून लोकांचे बोलणे ऐकणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली, हे या शाखेच्या जडणघडणीत फार महत्त्वाचे ठरले.

महाराष्ट्राशी या विचाराचा संबंध सांगलीजवळील कुपवाडमुळे येतो. त्या वेळी सुमारे ३,००० वस्तीच्या या गावात जैन कुटुंबे घरी कन्नड, मुसलमान उर्दू, दलित आणि इतर काही समाज मराठी, तर दोर वळणारी काही कुटुंबे तेलुगू बोलत. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की शतकानुशतकांच्या शेजारामुळे येथील कन्नड, उर्दू आणि मराठी यांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे, की एका भाषेतील वाक्य पुष्कळदा शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळेच राहिले. घरची भाषा ही त्या त्या समाजाची ओळख असल्याने ती कोणी सोडली नाही, आणि परस्परव्यवहारासाठी तुलनेने तटस्थ अशी मराठी वापरली गेली. व्याकरण एक झाले तरी समाजांमधील अंतर टिकून राहू शकते, हा या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष आजही विचारात घेण्यासारखा आहे.

याच्या उलट, भाषा एकच असूनही अर्थ कसा निसटतो, याचे उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथील एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उद्धट आहेत, अशी तक्रार होती. गिऱ्हाइकाला ‘ग्रेव्ही’ हवी का, हे विचारताना त्या तो एकच शब्द उतरत्या सुरात उच्चारत. त्यांच्या दृष्टीने तो नेहमीचाच प्रश्न होता. इंग्रजी कानाला मात्र ते तुटक विधान वाटे, कारण तेथे अशा प्रश्नाचा सूर चढता असतो. वरिष्ठ आपल्याला डावलतात, असे आपल्याला का वाटत होते, हे ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा केल्यावर त्या स्त्रियांच्याही लक्षात आले. सूर, लय, विराम, भाषापालट (बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जाणे) अशा, बोलणे कोणत्या अर्थाने घ्यायचे हे सुचवणाऱ्या खुणांना गम्पर्झ यांनी संदर्भीकरणाचे संकेत म्हटले. असे संकेत व्याकरणाच्या तासाला सहसा शिकवले जात नाहीत आणि त्यांतील चूक भाषेची न मानता स्वभावाची मानली जाते. या अभ्यासाचा उपयोग स्थलांतरित कामगारांच्या भाषाप्रशिक्षणात झाला आणि त्यावर आधारित ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम १९७९ मध्ये बीबीसीने दाखवला. ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ (१९८२) या ग्रंथात सिद्धान्ताची सविस्तर मांडणी आहे.

या दृष्टिकोनावरील सर्वांत रास्त आक्षेप सत्तेच्या प्रश्नाचा आहे. राजेंद्र सिंग, जयंत लेले आणि गीता मार्तोहार्जोनो यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले, की गैरसमजाचे खापर केवळ संभाषणाच्या सवयींवर फोडल्यास वर्णभेद आणि विषमता नजरेआड होतात. गम्पर्झ यांचा भर मुलाखती, समुपदेशन आणि न्यायालय अशा ठिकाणांवर होता, जेथे एका पक्षाच्या हाती निर्णय असतो. तरीही सुराची चूक सुधारल्याने नोकरी देणाऱ्याचा पूर्वग्रह जाईलच, असे त्यांच्या विश्लेषणातून सिद्ध होत नाही.