खाशाबांचा सहावा नंबर

माझी भाची कराडला सातवीत आहे. १५ जानेवारी म्हणजे खाशाबा जाधवांची जयंती, आता तो राज्य क्रीडा दिन म्हणून पण साजरा होतो, तर शाळेत त्यादिवशी भाषणं होती आणि हिला विषय आला होता ‘माझा आदर्श’. आदल्या रविवारी ती आमच्याकडं साताऱ्याला आली तीच हातात कागद घेऊन. गोळेश्वरचे सुपुत्र, १९५२ साल, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक, सगळं तोंडपाठ. एका दमात म्हणून दाखवलं, मग खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, पण मी कुठं कुस्ती खेळते? मला तर पीटीच्या तासाला पण धाप लागते. मग ते माझे आदर्श कसे काय?"

मी जिद्द, चिकाटी असं काहीतरी बोलले, तिनं मान हलवली, पण पटलेलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण माणूस कुणाला बघून बदलतो आणि कुणाला बघून नुसताच टाळ्या वाजवतो यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय, आणि त्यातलं निम्मं काम म्हणजे तिचा हाच प्रश्न आहे.

कॅनडात पेनेलोपी लॉकवूड आणि झिवा कुंडा या दोघींनी १९९७ साली एक साधा पण फार छान अभ्यास छापला. अकाउंटिंग शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांना त्यांच्याच कोर्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका अतिशय हुशार विद्यार्थ्याची गोष्ट वाचायला दिली. पहिल्या वर्षाची मुलं ती वाचून खूश, त्यांना स्वतःबद्दलच बरं वाटायला लागलं, आपण पण असं करू शकतो म्हणून. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मात्र त्याच गोष्टीनं तसला काही फायदा झाला नाही. गोष्ट तीच, माणूस तोच, फरक एवढाच की पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हातात अजून वेळ होता आणि शेवटच्या वर्षाच्यांची गाडी स्टँडवरनं सुटली होती. म्हणजे आदर्श किती मोठा आहे यापेक्षा तिथपर्यंत जायला माझ्यासाठी वाट शिल्लक आहे का, हे मन आधी बघतं. वाट दिसली तर उमेद येते, नाहीतर माणूस लांबून नमस्कार करून मोकळा होतो.

आता भाचीच्या भाषणात वाट होती कुठं? नुसतं शिखर होतं. म्हणून मी तिला विचारलं की बाळा १९४८ चं काय? तिला माहीतच नव्हतं. १९४८ ला खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले होते, फ्लायवेट म्हणजे हलक्या वजनाच्या गटात, आणि त्यांचा नंबर आला सहावा. आयुष्य गेलेलं लाल मातीत, आखाड्यात, आणि तिथं एकदम मॅटवर कुस्ती, नियम वेगळे, पकडी वेगळ्या, पायाखालचा स्पर्शच वेगळा. ज्यांनी मातीतली कुस्ती बघितलीय त्यांना कळेल मी काय म्हणते ते, मातीत पाय रुततो, मॅटवर तो रुतत नाही. पुढची चार वर्षं त्यांनी ती नवीन कुस्ती आत्मसात करण्यात घातली, वजनाचा गट बदलला, आणि हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. मग ते कांस्यपदक. आपण पोरांना पदक सांगतो आणि सहावा नंबर गाळतो, का तर त्यानं माणूस लहान दिसेल असं वाटतं.

आणि हे गाळण्यानं नुकसान होतं हे मोजलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये शिओडाँग लिन-सीगलर या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या टीमनं नववी-दहावीच्या ४०२ मुलांवर प्रयोग केला, २०१६ ला तो प्रसिद्ध झाला. मुलं बहुतेक गरीब वस्त्यांमधली. काहींना आइनस्टाइन, मेरी क्युरी, मायकल फॅरडे यांच्या मोठमोठ्या शोधांच्या गोष्टी दिल्या, काहींना त्याच तिघांच्या फसलेल्या प्रयोगांच्या, अडचणींच्या, घरच्या ओढाताणीच्या गोष्टी दिल्या. ज्यांनी धडपडीच्या गोष्टी वाचल्या त्यांचे विज्ञानाचे मार्क सुधारले, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो आधी मागं पडलेल्या मुलांना. नुसते शोध वाचलेल्यांना तसा फायदा झाला नाही. आपल्याकडं जयंतीची भाषणं वर्षानुवर्षं नेमकी नुसत्या यशाची होतात याचं मला फार वाईट वाटतं. नायगावच्या सावित्रीबाई म्हटलं की ‘पहिल्या शिक्षिका’ एवढंच पाठ असतं, पण अंगावर शेण फेकतात म्हणून शाळेत जाताना जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, ही गोष्ट ज्या पोरीला कळते तिला एक कृती मिळते, की लोक त्रास देणार हे धरूनच घरातनं निघायचं आणि पिशवीत तयारी ठेवायची.

माझं आजोळ बत्तीस शिराळ्याचं. तिथली नागपंचमी सगळ्यांना माहितीये, लहानपणी मी नाग अगदी बिनधास्त हाताळणारी माणसं बघितलीत आणि तरी मला आजपण साप म्हटलं की पोटात गोळा येतो. एवढे निडर लोक बघून माझी भीती का गेली नाही? याचं उत्तर मला डोनाल्ड मायकेनबाउम यांच्या १९७१ च्या प्रयोगात सापडलं. सापाला घाबरणाऱ्या लोकांना त्यांनी दोन तऱ्हेची माणसं दाखवली. एक सुरुवातीपासनं न घाबरता साप उचलणारी, आणि दुसरी आधी घाबरलेली, मागं सरकणारी, स्वतःला समजावत हळूहळू पुढं येणारी आणि शेवटी साप हातात घेणारी. बघणाऱ्यांना जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांचा. कारण बिनधास्त माणूस तुम्हाला फक्त शेवट दाखवतो, घाबरत घाबरत जाणारा माणूस मधल्या पायऱ्या दाखवतो, भीती वाटली की काय करायचं, श्वास कसा घ्यायचा, मनात काय म्हणायचं.

हे मी रोज अजिंक्यताऱ्यावर बघते. सकाळी साडेपाचला आमच्या सातारकरांची निम्मी गर्दी त्या चढाला असते, त्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं जोरात पळत वर जातात, घाम गाळून पाचव्या मिनिटाला दिसेनाशी होतात. ती बघून मला कधी वर जावंसं वाटलं नाही. मी वर जायला लागले ते एका काकूंमुळं. साठीच्या पुढच्या, नऊवारी आणि पायात नातवाचे जुने स्पोर्ट्स शूज, गुडघ्याला पट्टा. त्या प्रत्येक वळणावर थांबतात, कठड्याला हात टेकून तोंडानं वीस श्वास मोजतात, मोठ्यानं, आणि विसाव्याला परत निघतात. पहिल्या दिवशी मी मध्येच परत फिरत होते तर म्हणाल्या, "घाई कशाला पोरी, गड काय पळून जातोय व्हय?" मी पण वीस मोजायला शिकले आणि महादरवाजापर्यंत गेले, आता मंगळाई देवीपर्यंत जाते. त्या काकूंचं नाव मला दोन महिन्यांनी कळलं, तोपर्यंत त्यांचं थांबण्याचं तंत्र माझ्या अंगात भिनलं होतं.

बघून शिकणं हे माणसात किती खोलवर आहे ते अल्बर्ट बांडुरांनी १९६१ साली दाखवलं, तो प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. बालवाडीतली ७२ मुलं, आणि एक फुगवलेली बाहुली, बुडाला वजन असलेली, मारली की पाडता येते पण परत उभी राहते. ज्या मुलांनी मोठ्या माणसाला त्या बाहुलीला बडवताना बघितलं त्यांनी नंतर नुसतं बडवलं नाही, तर त्याच हातोडीनं, तेच शब्द ओरडत बडवलं. कुणी शिकवलं नव्हतं. नंतरच्या एका प्रयोगात असंही दिसलं की मारणाऱ्याला शिक्षा झालेली बघितली की मुलं नक्कल कमी करतात, पण त्यांना खाऊ देऊ म्हटलं की सगळं जसंच्या तसं करून दाखवतात. म्हणजे शिकलेलं आत जाऊन बसलेलंच असतं. घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकानं हे एकदा शांतपणे वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण तुम्ही आदर्श व्हायचं ठरवा किंवा ठरवू नका, घरातलं मूल बघतच असतं.

पण यातच एक मोठी गोची आहे. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं, दोघांना एक पेटी उघडून खाऊ काढायला शिकवलं, आणि शिकवताना मुद्दाम काही बिनकामाच्या कृती घातल्या, वरच्या भोकात काठी खुपसायची वगैरे. पेटी काळी होती तोपर्यंत दोघंही सगळं तसंच करत होते. मग आरपार दिसणारी पेटी दिली, काठीचा काही उपयोग नाही हे डोळ्यांना दिसत होतं. चिंपांझींनी काठी सोडली आणि सरळ खाऊ काढला. माणसाची मुलं मात्र इमानदारीनं काठी खुपसतच राहिली. आपण जे बघतो ते पूर्ण उचलतो, कामाचं आणि बिनकामाचं वेगळं करत नाही. तसं बघितलं तर याच सवयीमुळं माणसाला शेती, स्वयंपाक, औषधं पिढ्यानपिढ्या पुढं देता आली, कारण कित्येक गोष्टींचं कारण शिकणाऱ्याला माहीत नसतं तरी त्या करायच्याच असतात. पण आदर्श निवडताना हीच सवय घात करते. तालमीत नवीन आलेलं पोरगं मोठ्या पैलवानाचे मोडलेले कान बघतं आणि त्याला वाटतं कान मोडले की आपण पैलवान झालो, त्या कानामागं असलेले पहाटेचे जोर-बैठका त्याला दिसत नाहीत. खेळाडू जाहिरातीत जे पितो ते आपण पितो. एखाद्याची हुशारी आवडली की त्याचा तुसडेपणा पण हुशारीचाच भाग वाटायला लागतो. म्हणून मी आता पूर्ण माणूस आदर्श मानत नाही, त्याची एकच सवय उचलते, आणि ती कशासाठी ते स्वतःला विचारते.

आता काल्पनिक पात्रांचं. बरेच मोठे लोक म्हणतात गोष्टीतल्या हिरोचं काय घेऊन बसलात, खरी माणसं बघा. माझा अनुभव वेगळा आहे. दिवाळीत भाचीचा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा, किल्ला करायला बसला. माती चाळायचं काम भयंकर कंटाळवाणं, दोन मिनिटांत चाळणी टाकून मोबाईलकडं पळाला. मग त्याच्या डोक्याला फडकं बांधलं, म्हटलं तू आता मावळा, महाराजांचा गड बांधायचाय. थोड्या थोड्या वेळानं नुसतं विचारायचं, "मावळं दमलं का?" की "न्हाई!" अख्खी पाटी चाळून झाली त्याची.

२०१७ मध्ये रेचल व्हाइट, स्टेफनी कार्लसन आणि सहकाऱ्यांचा जो अभ्यास आला तो म्हणजे जवळजवळ हाच किल्ला. चार आणि सहा वर्षांची १८० मुलं, दहा मिनिटांचं रटाळ काम, आणि शेजारी आयपॅडवर गेम, कंटाळा आला की खेळायची मोकळीक. काही मुलांनी स्वतःबद्दल ‘मी’ म्हणून विचार करायचा, काहींनी स्वतःचं नाव घेऊन, आणि काहींनी बॅटमॅन, बॉब द बिल्डर, डोरा, रॅपन्झेल असं कुणीतरी व्हायचं, तसा वेश घालून. जास्तीत जास्त वेळ काम करत राहिली ती वेश घातलेली मुलं. एक कारण असं सांगतात की दुसऱ्याच्या भूमिकेत गेलं की स्वतःच्या कंटाळ्यापासनं थोडं अंतर पडतं, आणि त्या अंतरात निर्णय घ्यायला जागा मिळते. त्या पात्राला खरं असायची गरज नसते, त्याचा स्वभाव मुलाला पक्का माहीत असावा लागतो. सिनेमाचंही तसंच. युगांडात कंपालाच्या झोपडपट्टीत वाढलेल्या फिओना मुतेसी या बुद्धिबळपटूवरचा सिनेमा एमा रायली या संशोधिकेनं बोर्डाच्या परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांना दाखवला, बाकीच्यांना दुसरा एक सिनेमा, आणि पहिल्या गटात गणितात नापास होणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं.

आणखी एक अभ्यास मला आपल्या गावांसाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ४९५ गावं, ११ ते १५ वयाची ८,४५३ मुलंमुली. कुठल्या पंचायतीचं प्रमुखपद बाईसाठी राखीव हे तिथं योगायोगानं ठरायचं, त्यामुळं तुलना नीट करता आली. लोरी बीमन, एस्तेर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी २०१२ ला लिहिलं की जिथं लागोपाठ दोन वेळा ते पद बाईसाठी राखीव होतं तिथं मुलामुलींच्या स्वप्नांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली, शिक्षणातला फरक तर संपलाच, आणि मुलींना घरकामातनं जास्त वेळ मिळायला लागला. ‘लागोपाठ दोन वेळा’ हे शब्द मी मुद्दाम लिहितेय. एकदा झेंडावंदनाला दिसणारी बाई पुरत नाही, वर्षानुवर्षं ग्रामसभेत बोलताना, सही करताना दिसावी लागते. आपल्याकडं अर्ध्या जागा राखीव आहेत, पण कारभार नवरा बघत असेल तर खाली बसलेल्या पोरी काय बघणार, हे सांगायला नको.

उलटा आदर्शपण असतो, पुढच्यास ठेच मागचा शहाणा. लॉकवूड यांच्याच पुढच्या कामात दिसलं की ज्यांचं लक्ष चूक टाळण्याकडं असतं त्यांना बिघडलेल्या माणसाचं उदाहरण जास्त हलवतं. तंबाखू सोडायचा असेल तर चांगल्या दातांचा फोटो बघून होत नाही ते कधीकधी चुलत्याचं न उघडणारं तोंड बघून होतं.

तर भाचीचं भाषण. त्या रविवारी आम्ही दोघींनी कागद परत लिहिला. कराडच्या पोरीला खाशाबा हवेच होते, पण आता कुठले खाशाबा ते तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेले, तिसऱ्या वळणाला तिला धाप लागली, काकू कठड्यापाशी होत्याच, तिनं त्यांच्याबरोबर वीस मोजले आणि निघाली. जयंतीच्या दिवशी बहिणीनं व्हिडिओ पाठवला. माईकसमोर उभी राहून ती म्हणते, "गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो, १९४८ साली लंडनला खाशाबा जाधवांचा सहावा नंबर आला. मी आज तिथनंच सुरुवात करणार आहे."