विभक्त मतदारसंघ: सिमल्याच्या शिष्टमंडळापासून 1946 च्या कौलापर्यंत

1937 च्या प्रांतिक निवडणुकीत मुसलमानांसाठी ठेवलेल्या 482 जागांपैकी मुस्लीम लीगला शंभराच्या थोड्याच वर जागा मिळाल्या, आणि मुसलमान मतांतला तिचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी होता. नऊ वर्षांनी, 1946 च्या सुरुवातीला, याच पद्धतीने मतदान झाले तेव्हा हाच पक्ष सव्वाचारशेच्या आसपास जागा घेऊन बसला. कायदा तोच होता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटीवर मिळणारा मताधिकारही तोच. विभक्त मतदारसंघांमुळे लीग वाढली, हे सरळ उत्तर आपल्याकडे पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत दिले जाते, पण या दोन आकड्यांपुढे ते टिकत नाही. मग या पद्धतीने नेमके काय केले? त्यासाठी ती कशी घडत गेली हे पाहावे लागते.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण या विषयातला निम्मा गोंधळ शब्दांचा आहे. संयुक्त मतदारसंघात सगळे मतदार एका यादीत असतात आणि उमेदवार कोणीही असू शकतो. राखीव जागेसह संयुक्त मतदारसंघ असेल तर मत सगळ्यांचे, पण निवडून येणारा विशिष्ट समाजाचा. विभक्त मतदारसंघात मतदारयादीच वेगळी: मुसलमान जागेवर उभा राहणाराही मुसलमान आणि मत देणाराही मुसलमान. पुणे करारात डॉ. आंबेडकर आणि गांधीजी यांच्यात झालेली तडजोड म्हणजे तिसऱ्या प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे येणे होते. याखेरीज ‘वेटेज’ नावाची चौथी गोष्ट आहे. अल्पसंख्य समाजाला लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा जास्त जागा देणे, असा तिचा अर्थ. ती कोणत्याही पद्धतीला जोडता येते, त्यामुळे विभक्त मतदारसंघ आणि वेटेज एकच समजू नयेत.

मागणीची सुरुवात बहुधा 1 ऑक्टोबर 1906 पासून सांगतात. त्या दिवशी आगाखानांच्या नेतृत्वाखाली 35 जणांचे शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. पण तिचे मूळ अलीगढचे मुसलमान सुधारक सर सय्यद अहमद खान यांच्या 1887-88 च्या लखनौ आणि मेरठच्या भाषणांत आहे. निवडणूक आली की संख्येचे राज्य येणार आणि उत्तर हिंदुस्थानातला मुसलमान जमीनदार-नोकरदार वर्ग मागे पडणार, ही त्यांची भीती होती. त्याच 1887 साली मद्रासला काँग्रेसचे अध्यक्षपद मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी भूषवत होते. मुसलमानांचे राजकारण एकसंध असल्याचे चित्र तेव्हाही खरे नव्हते. सिमल्याच्या निवेदनात दोन मागण्या गुंफलेल्या होत्या: प्रतिनिधी आम्हीच निवडू, आणि जागा केवळ डोकी मोजून न देता समाजाचे राजकीय महत्त्व धरून द्या. मिंटोंनी दोन्हींना तत्त्वतः होकार दिला. इंग्रजांनीच हे शिष्टमंडळ घडवून आणले, असे नंतर अनेकांनी म्हटले. सरकारला ही मागणी सोयीची होती यात शंका नाही, पण मागणी आयात केलेली होती असे मानले तर वीस वर्षांची अलीगढची पार्श्वभूमी पुसली जाते. तीन महिन्यांनी, डिसेंबरअखेर, ढाक्यात मुस्लीम लीग स्थापन झाली.

1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत केंद्रीय कायदेमंडळात 27 निवडून येणाऱ्या जागा होत्या आणि त्यांपैकी 5 स्वतंत्र मुसलमान मतदारसंघांना मिळाल्या. त्या वेळचा मुसलमान मतदार आपल्या यादीतही मत देऊ शकत होता आणि सर्वसाधारण मतदारसंघातही. पंजाबात मुसलमान बहुसंख्य असल्याने तिथे वेगळी जागा ठेवलीच नव्हती. मुंबई इलाख्याच्या मुसलमान जागेवरून केंद्रीय कायदेमंडळात गेलेले बॅरिस्टर महंमद अली जिना त्या वेळी काँग्रेसमध्ये होते. 1910 च्या अलाहाबाद अधिवेशनात नगरपालिका आणि स्थानिक मंडळांपर्यंत विभक्त मतदारसंघ नेऊ नयेत, हा ठराव त्यांनीच मांडला होता.

मग आला काँग्रेस आणि लीग यांच्यातला डिसेंबर 1916 चा लखनौ करार. महाराष्ट्रात तो टिळकांच्या नावाशी जोडला जातो, आणि ते योग्यच आहे. काँग्रेसमध्ये नुकत्याच परतलेल्या टिळकांनी आपले वजन कराराच्या बाजूने टाकले नसते तर तो अधिवेशनात पार पडणे अवघड होते. स्वराज्याचे हक्क हिंदुस्थानातल्या कोणत्याही समाजाच्या हाती आले तरी चालतील, आधी ते इंग्रजांकडून यायला हवेत, ही त्यांची भूमिका होती. आपल्याकडे या करारावर ‘मुसलमानांना जास्त दिले’ किंवा ‘ऐक्याचा सुवर्णक्षण’ अशा दोन टोकांनी लिहिले जाते. तक्ता समोर ठेवला की वेगळेच दिसते.

संयुक्त प्रांतात मुसलमान सुमारे 14 टक्के होते, त्यांना निवडून येणाऱ्या हिंदी जागांपैकी 30 टक्के मिळाल्या. मद्रासेत साडेसहा टक्क्यांना 15. मध्यप्रांतात चार टक्क्यांच्या आसपास असलेल्यांना 15. मुंबई इलाख्यात, सिंध धरून, वीस टक्क्यांना एक तृतीयांश. आता दुसरी बाजू. बंगालमध्ये मुसलमान 52 टक्क्यांहून अधिक होते, त्यांना 40 टक्के जागा. पंजाबात सुमारे 55 टक्के होते, त्यांना 50. ज्या दोन मोठ्या प्रांतांत मुसलमान बहुसंख्य होते तिथले बहुमत देऊन, जिथे ते अल्पसंख्य होते तिथे जादा जागा घेतल्या गेल्या. तेव्हा लीगमध्ये संयुक्त प्रांताच्या पुढाऱ्यांचा वरचष्मा होता, आणि हा सौदा त्यांच्या सोयीचा होता. बंगाल आणि पंजाबच्या मुसलमान पुढाऱ्यांना तो पुढची तीस वर्षे खुपत राहिला. अल्पसंख्य प्रांतांतले मुसलमान आणि बहुसंख्य प्रांतांतले मुसलमान यांच्या हितसंबंधांतली ही फट ध्यानात ठेवल्याशिवाय 1920 नंतरचे मुस्लीम राजकारण कळत नाही.

कराराची आणखी दोन कलमे महत्त्वाची आहेत. मुसलमानांनी सर्वसाधारण मतदारसंघात मत द्यायचे नाही, असे ठरले. म्हणजे 1909 ची दुहेरी मताची सोय गेली आणि याद्या पूर्ण तुटल्या. दुसरे, एखाद्या समाजाशी संबंधित विधेयकाला त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांचा विरोध असेल तर ते पुढे न्यायचे नाही. नकाराधिकाराची ही कल्पना 1946 पर्यंत वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिली.

मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने 1918 साली विभक्त मतदारसंघांवर कडक टीका केली. नागरिकाला राज्याचा घटक म्हणून विचार करू न देता जमातीचा पक्षकार म्हणून विचार करायला ते शिकवतात, असा तिचा आशय. आणि त्याच अहवालाने ते कायम ठेवले, कारण आश्वासन दिलेले होते आणि खुद्द काँग्रेसने लखनौला ते मान्य केले होते. 1919 च्या कायद्याने पंजाबात शिखांनाही वेगळी यादी मिळाली. मुंबई कायदेमंडळातल्या निवडून येणाऱ्या 86 जागांपैकी 27 मुसलमान, 46 मुसलमानेतर, आणि या 46 पैकी 7 मराठा व तत्सम जातींसाठी राखीव झाल्या. या राखीव जागांवर मत मात्र सगळ्यांचे होते. एकाच इलाख्यात एकाच वेळी दोन पद्धती चालू होत्या, आणि मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे 1919 साली आंबेडकर व विठ्ठल रामजी शिंदे यांनी साक्षी दिल्या त्या याच पेचावर.

तुर्कस्तानच्या खलिफाचे पद टिकावे म्हणून झालेल्या खिलाफत चळवळीबद्दल इथे थोडक्यातच, कारण तिची ताकद मतपेटीबाहेरची होती. मध्यवर्ती खिलाफत समितीचे केंद्र मुंबई होते. अली बंधू, उलेमांची जमियत आणि काँग्रेस 1920-22 मध्ये एकत्र चालले. मार्च 1924 मध्ये तुर्कस्तानने खलिफापदच रद्द केले आणि चळवळीचा आधार गेला. मागे उरले ते रस्त्यावर उतरायला शिकलेले कार्यकर्ते. पुढे पंजाबातले अहरार, सरहद्दीवरचे खुदाई खिदमतगार आणि जमियत या तिन्ही प्रवाहांनी लीगला विरोध केला.

ही गाठ सोडवण्याची सर्वांत चांगली संधी 1927 साली आली होती, आणि ती हातची गेली असे माझे मत आहे. 20 मार्च 1927 रोजी दिल्लीत जिनांच्या पुढाकाराने जमलेल्या मुसलमान पुढाऱ्यांनी विभक्त मतदारसंघ सोडण्याची तयारी दाखवली. बदल्यात मागण्या चार: सिंध मुंबईपासून वेगळा करा, वायव्य सरहद्द प्रांत आणि बलुचिस्तानात इतर प्रांतांसारख्या सुधारणा लागू करा, पंजाब-बंगालमध्ये लोकसंख्येप्रमाणे जागा द्या, केंद्रात एक तृतीयांश जागा द्या. सिंधच्या मागणीला तेव्हा हिंदू महासभेचा विरोध होता, पण 1913 च्या कराची काँग्रेसमध्ये सिंधचे वेगळेपण मांडणारे हरचंदराय विशिनदास हिंदूच होते. मागणी भूगोल आणि प्रशासनाची होती. जागांचे गणित तिला चिकटले तेव्हा ती जातीय ठरली.

या प्रस्तावाने लीग फुटली. पंजाबचे सर महंमद शफी विभक्त मतदारसंघ सोडायला तयार नव्हते, आणि 1927 च्या अखेरीस लाहोर व कलकत्ता अशा दोन ठिकाणी दोन लीगची अधिवेशने झाली. ऑगस्ट 1928 च्या नेहरू अहवालाने, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीने केलेल्या घटनेच्या आराखड्याने, संयुक्त मतदारसंघ घेतले, सिंधबद्दल सशर्त होकार दिला, पण केंद्रातला तिसरा हिस्सा आणि पंजाब-बंगालमधल्या राखीव जागा नाकारल्या. म्हणजे सौद्यातला जिनांनी द्यायचा भाग स्वीकारला आणि त्यांना मिळायचा मोठा भाग कापला. डिसेंबरात कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत त्यांनी दुरुस्त्या मांडल्या. तेजबहादूर सप्रूंनी त्या देऊन टाका असे म्हटले, मुंबईचे मुकुंदराव जयकर विरोधात उभे राहिले, आणि दुरुस्त्या पडल्या. केंद्रातला वाद चौथा हिस्सा की तिसरा, एवढाच होता. मार्च 1929 मध्ये जिनांनी चौदा मुद्दे मांडले, त्यांत विभक्त मतदारसंघ परत आलेले होते.

पुढचे टप्पे भराभर येतात. कोणत्या समाजाला किती जागा हे ठरवणारा ब्रिटिश सरकारचा 16 ऑगस्ट 1932 चा जातीय निवाडा, पुणे करार, 1935 चा कायदा, 1 एप्रिल 1936 ला सिंधचा वेगळा प्रांत. बंगालमध्ये 250 जागांपैकी 117 मुसलमान मतदारसंघांच्या, पंजाबात 175 पैकी 84. दोन्हीकडे मुसलमान सर्वांत मोठा गट, पण या जागांवर निम्म्याला पोचत नाहीत अशी आखणी होती. बंगालमध्ये तर युरोपियनांना लोकसंख्येत नगण्य असूनही 11 सर्वसाधारण जागा, शिवाय व्यापाराच्या जागांतला मोठा वाटा दिला होता. कोणतेही मंत्रिमंडळ दुसऱ्या समाजाची किंवा युरोपियनांची मदत घेतल्याशिवाय टिकणार नाही, हा त्याचा परिणाम.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. 1937 साली विभक्त यादीतल्या मुसलमानांनी पंजाबात युनियनिस्टांना मते दिली. तो हिंदू, मुसलमान आणि शीख जमीनदारांचा एकत्र पक्ष होता. बंगालमध्ये फजलुल हक यांच्या कृषक प्रजा पक्षाने जमीनदारीविरोधात लढून लीगच्या तोडीने जागा मिळवल्या. पंजाबात लीगला दोनच जागा मिळाल्या, सरहद्द प्रांतात आणि बिहारात एकही नाही. काँग्रेसने मात्र 482 पैकी फक्त 58 मुसलमान जागा लढवल्या, 26 जिंकल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सरहद्दीवरच्या. वेगळ्या यादीतही शेती, कर्ज आणि गटतट यांवर मत पडू शकते, हे 1937 ने दाखवले. पण त्याच वेळी मुंबई, बिहार, संयुक्त प्रांत यांसारख्या प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे मुसलमान जागांची गरज न लागता उभी राहिली. सत्तेत जाण्यासाठी एकमेकांच्या मताची गरजच नसणे, हा या पद्धतीचा खरा दोष. संयुक्त प्रांतातली काँग्रेस-लीग बोलणी त्या उन्हाळ्यात फिसकटली ती याच जमिनीवर. काँग्रेसला भागीदार नको होता, विलीनीकरण हवे होते.

नंतरची उलथापालथ राजकारणाने केली. ऑक्टोबर 1937 मध्ये पंजाबच्या युनियनिस्टांचे पुढारी सिकंदर हयात खान यांनी जिनांशी समझोता करून केंद्रातले बोलणे लीगकडे दिले. मुसलमान बहुसंख्य प्रदेशांची वेगळी राज्ये मागणारा लीगचा मार्च 1940 चा लाहोर ठराव मांडला तो फजलुल हक यांनी. एप्रिल 1940 मध्ये सिंधचे अल्लाबक्ष सुमरो यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत आझाद मुस्लीम परिषद भरली आणि तिने फाळणीला स्पष्ट विरोध केला, पण 1943 मध्ये सुमरोंचा खून झाला. 1942 ते 45 काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. 1945 च्या सिमला परिषदेत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावरचा प्रत्येक मुसलमान लीगच नेमेल, असा जिनांनी हट्ट धरला, आणि व्हाइसरॉय वेव्हेल यांनी परिषदच गुंडाळली. लीगला वगळून काही होणार नाही, हा संदेश पंजाबच्या जमीनदारांनी आणि पीरांनी लगेच ओळखला.

डिसेंबर 1945 मध्ये केंद्रातल्या सगळ्या 30 मुसलमान जागा लीगला गेल्या. प्रांतांत मुंबईच्या तिसाच्या तीस, बंगालच्या (स्त्रियांच्या दोन जागा धरून) 119 पैकी 110 हून अधिक. सरहद्द प्रांत एकटा वेगळा राहिला. तिथे खुदाई खिदमतगारांच्या खानबंधूंच्या काँग्रेसने मुसलमान जागांवरही बहुमत मिळवले. मताधिकार सगळ्या प्रौढांना नव्हताच. तरीही प्रत्येक मुसलमान जागेवर फक्त मुसलमानांनी मत दिलेले असल्याने हा निकाल ‘समाजाचा कौल’ म्हणून वाचता आला. हे वाचन विभक्त यादीने शक्य केले, आणि 1946 च्या ब्रिटिश कॅबिनेट मिशनपासून जून 1947 च्या फाळणीच्या योजनेपर्यंत सगळ्यांनी ते गृहीत धरले. पंजाबात मात्र सर्वांत मोठा पक्ष होऊनही लीगला मंत्रिमंडळ बनवता आले नाही. युनियनिस्ट पुढारी खिजर हयात यांनी काँग्रेस आणि अकालींच्या साहाय्याने ते चालवले, आणि 2 मार्च 1947 ला त्यांनी राजीनामा दिला तेव्हा प्रांत पेटला.

ऑगस्ट 1947 मध्ये भारताच्या घटना समितीने विभक्त मतदारसंघ रद्द केले. ते ठेवावेत अशी मद्रासचे पोकर साहेब यांची सूचना फेटाळली गेली. धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही मे 1949 मध्ये गेल्या. पाकिस्तानात मात्र हा वाद चालूच राहिला. 1956-57 मध्ये तिथे संयुक्त याद्या आल्या, 1985 मध्ये जनरल झिया यांनी पुन्हा वेगळ्या केल्या, आणि 2002 मध्ये त्या एकत्र झाल्या. त्यातून अहमदियांची यादी तेवढी आजही वेगळी ठेवलेली आहे.